शेजारी उभी व्यक्ती: चार फूट अकरा इंच

मी, संपत सावळाराम खुटवड, वय ७१ वर्षे, सेवानिवृत्त भूकरमापक, राहणार एस.टी. डेपोमागची गल्ली, भोर, जिल्हा पुणे, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे हे आज स्वखुशीने सांगून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. लावायला घरात कोणी नाहीच. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. शेफाली बांदल यांचा दाखला सोबत जोडला आहे. डोळे शाबूत नाहीत. दोन्हींत काचबिंदू आहे, म्हणून मी सांगत गेलो आणि टंकलेखकाने टाइप करून मला दोनदा वाचून दाखवले. मधले माझे शेरे गाळू का, असे त्यांनी विचारले होते. मी नाही म्हणालो. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी पत्नी चंद्राबाई दिनांक १९ फेब्रुवारी २०२२ रोजी वारली. आम्हाला मूलबाळ नाही. जवळचे म्हणावे असे दोघे: धाकटा भाऊ धनाजी, राहणार भोंगवली, आणि त्याची मुलगी राजनंदिनी, जी पुण्यात नोकरी करते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी राजनंदिनीने करावी. तिचा बाप करायला बसला तर पुढच्या दिवाळीपर्यंत चष्माच शोधत बसेल.

२. भोरचे राहते घर, दोन खोल्या आणि पडवी, राजनंदिनीला द्यावे. मोरीचा नळ बंद करताना अर्धा फेरा जास्त फिरवावा लागतो. बँकेत जे काही असेल तेही तिचेच.

३. भोंगवलीची अठरा गुंठे जमीन धनाजीला द्यावी. पूर्वेचा बांध मी स्वतः मोजलेला आहे. शेजारचा रखमाजी तो पुन्हा मोजायला लावेल. लावू दे. दगड जिथे आहे तिथेच निघेल.

४. स्कूटरही धनाजीला. मागच्या सीटच्या डाव्या अंगाला पाण्याचा कॅन अडकवायचा हूक आहे, तो काढू नये. कशासाठी, ते पुढे येईल.

५. मोजणीची तेहतीस फुटी लोखंडी साखळी भोरमधली जी शाळा मागेल तिला द्यावी. मुलांनी ती मैदानात पसरावी. तेहतीस गुणिले तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, हे एकदा चालून पाहिले की जन्मभर विसरत नाही. कोणी मागितली नाही तर राजनंदिनीने ठेवून घ्यावी आणि वर्षातून एकदा तेल द्यावे.

६. आता माझी खरी मिळकत. २०१२ साली निवृत्त झाल्यावर मी कॅमेरा घेतला. नोकरीत असताना भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मी इतके वीरगळ, सतीशिळा, जुन्या विहिरी, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि हद्दीचे दगड पाहिले होते की त्यांची कुठेच नोंद नाही याची मला चीड यायची. पुढची नऊ वर्षे मी वाडी-वस्तीवर फिरून नऊ हजार दोनशे चौदा फोटो काढले. फोटो इंटरनेटवर ठेवलेले आहेत आणि त्यांची एक प्रत पत्र्याच्या ट्रंकेत, हार्ड डिस्कवर आहे. खुणेचा शब्द राजनंदिनीला ठाऊक आहे.

स्कूटरवर मागे चंद्राबाई असायची. दगडावरचे कोरीव काम कोरडे असताना दिसत नाही, पाणी मारले की उठून दिसते. कॅन तीच उचलायची, पाणी तीच ओतायची, शेवाळ पदराने तीच पुसायची. मग मी तिला दगडाशेजारी उभी करायचो. फोटोत शेजारी काही मोजमाप नसेल तर दगड हातभर की पुरुषभर हे कळत नाही. तिची उंची चार फूट अकरा इंच. पट्टी काढायचा त्रास वाचायचा.

७. २०१८ च्या दिवाळीत राजनंदिनीने मला टॅग शिकवले. टॅग म्हणजे फोटोला चिकटवलेली शब्दाची चिठ्ठी. मी चौतीस वर्षे सरकारी दप्तरे सांभाळली, तिथे एक कागद एकाच गठ्ठ्यात राहतो आणि गठ्ठा चुकला की कागद मेला. टॅगचे तसे नाही. एकाच फोटोला ‘वीरगळ’, ‘वेल्हे’, ‘ओढ्याकाठी’, ‘तुटलेला’ असे हवे तितके टॅग लावता येतात, आणि त्यातला कोणताही शब्द शोधला तरी तो फोटो समोर येतो. मला जणू दुसरी नोकरी लागली. मी गावाचे, वस्तीचे, गट नंबरचे, दगडाच्या जातीचे टॅग लावले. ज्या फोटोंत चंद्राबाई उभी होती त्यांना ‘माप’ असा टॅग लावला आणि खाली लिहिले: शेजारी उभी व्यक्ती ४ फूट ११ इंच.

हे मी लिहिले. माझ्या हाताने, हजार वेळा.

८. मग मी हा संग्रह सगळ्यांसाठी खुला केला. दोन्ही तालुक्यांतल्या लोकांच्या मोबाईलवर लिंक पाठवली. कोणीही पाहावे, कोणीही टॅग लावावा. आठ महिने ते छान चालले. धनगरवाड्यावरच्या माणसांनी मला ठाऊक नसलेली टाक्यांची नावे घातली. पण रखमाजीने भोंगवलीच्या हद्दीच्या दगडाला ‘रखमाजीचा दगड’ असा टॅग लावला. मी काढला. त्याने पुन्हा लावला. असे सतरा वेळा झाले. चौदा ऑक्टोबर २०१९ रोजी मी चिडून कुलूप घातले. त्या दिवसापासून टॅग फक्त माझ्या एकट्याच्या खात्यावरून लागतो. धनगरवाड्यावरून दोघांनी फोन करून विचारले, त्यांनाही मी उर्मटपणे उत्तर दिले. हळूहळू फोन बंद झाले.

त्याच आठवड्यात चंद्राबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “अहो, माज्या मोबाईलवर त्ये उगडंना झालंय.”

मी म्हणालो, “तुला काय काम आहे त्यात?”

ती म्हणाली, “न्हाई, काय न्हाई,” आणि भाकरी उलटली. हे वाक्य मृत्युपत्रात कशाला, असे टंकलेखकाने विचारले. राहू द्या म्हणालो.

९. चंद्राबाई तापाने आजारी पडली आणि पाचव्या दिवशी गेली. फ्रेम करायला तिचा फोटो हवा होता. पडवीत माणसे बसली होती. मी मोबाईल घेऊन ‘चंद्राबाई’ असे शोधले. एकही फोटो सापडला नाही, असे उत्तर आले. ‘चंद्रा’ शोधले, ‘पत्नी’ शोधले, ‘बायको’सुद्धा शोधले. काही नाही. तिला मी कोणत्या शब्दाखाली ठेवले आहे, तेच मला त्या वेळी सुचेना. रखमाजीही आला होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “नऊ हजार फोटू हायती म्हनता, आन वैनींचा एक न्हाई व्हय?”

फ्रेमला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ती भेदरलेली दिसते. रखमाजीला मी आजवर माफ केलेले नाही, पण तो खोटे बोलला नव्हता, हे येथे नमूद करतो.

तेराव्यानंतर ‘माप’ आठवला. तो शोधला आणि एक हजार चारशे बारा चंद्राबाई एकदम समोर आल्या. मी त्या दिवशी रडलो. त्याआधी रडलो नव्हतो.

१०. तेव्हापासून माझे एकच काम होते. त्या सगळ्यांना मी ‘चंद्राबाई’ हा टॅग लावला. मग लक्षात आले की बाकीच्या फोटोंतही ती आहे. कुठे पाणी ओतणारा हात, कुठे कडेला पदर, कुठे लांबवर दगडावर बसून चपलेतला काटा काढताना. म्हणून मी पहिल्या फोटोपासून एकेक पाहू लागलो. बोलायला घरात कोणी नसल्याने दिवस त्यातच जायचा. जेवायला बसलो की ताटाशेजारी टॅबलेट. पाच हजार आठशे तीन फोटो झाले आणि डोळ्यांनी दगा दिला. आता पडद्यावर मला नुसता उजेड दिसतो. तिचा चेहराही आता फोटोतून दिसत नाही.

११. उरलेले तीन हजार चारशे अकरा फोटो राजनंदिनीने पाहावेत, ही माझी या मृत्युपत्रातली सर्वांत मोठी मागणी आहे. घर तिला बिनशर्त दिले आहे, तेव्हा ही अट नाही, विनंती आहे. रविवारी दहा-दहा पाहिले तरी चालतील. नुसता हात दिसला तरी नाव घालावे. उजव्या हातावर मनगटाच्या वर भाजल्याची खूण आहे, त्यावरून ओळखता येईल. ‘माप’ हा टॅग मात्र सगळीकडून काढून टाकावा.

१२. पुण्यातली एक संस्था हा संग्रह कायम सांभाळायला तयार आहे. त्यांचे पत्र फायलीत आहे. त्यांचे म्हणणे, टॅग ठरलेल्या यादीप्रमाणेच हवेत, खासगी व्यक्तींची नावे नकोत, आणि ‘चंद्राबाई’च्या जागी ‘मानवी मोजमाप’ असे घालावे. माणसे सज्जन आहेत, पत्रही अदबीने लिहिले आहे. मी जे केले तेच ही माणसे शुद्ध भाषेत करू पाहताहेत. नावासकट घेत असतील तर संग्रह द्यावा. नाव वगळून मागितला तर ट्रंकेला कुलूप लावून ठेवावे. गंजला तर गंजू दे.

१३. आता शेवटचे. गेल्या ऑक्टोबरात संस्थेच्या या पत्राला उत्तर द्यायचे म्हणून मी राजनंदिनीला सगळ्या टॅगची यादी फोनवर वाचायला सांगितली. मी स्वतः नेहमी शब्द घालून शोधत आलो, यादी अशी कधी पाहिलीच नव्हती, आणि एकेक फोटो पाहताना खालचे जुने टॅग वाचत बसलो नव्हतो. ती वाचू लागली, आणि सुरुवातीलाच म्हणाली, “आमी दोघं. एकतीस फोटो.”

मी म्हणालो, “हा माझा नाही. कोणाचे फोटो आहेत?”

ती पाहून म्हणाली, “काकीच आहेत, तात्या. सगळ्यात एकट्याच उभ्या आहेत दगडाजवळ.”

“मग दोघं कसे? हा त्या रखमाजीचा चावटपणा. काढून टाक.”

“तात्या, थांबा,” ती म्हणाली. “हे काकींनी घातलंय. त्यांच्या मोबाईलवरून लागल्याची नोंद आहे. त्या दिवाळीत मीच शिकवलं होतं त्यांना. एकेक अक्षर शोधून लिहायच्या. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

मला ठाऊक नव्हते. मी विचारले, शेवटचा टॅग कधीचा. तिने पाहिले. मग म्हणाली, तेरा ऑक्टोबर २०१९. मी कुलूप घातले त्याच्या आदल्या दिवसाचा. पुढचे तिला लावता आले नाहीत, आणि तिने मला सांगितलेही नाही.

राजनंदिनी म्हणाली, “मी तेव्हाच काकींना म्हटलं होतं, काकी, फोटोत तर तुम्ही एकट्याच आहात. तर हसल्या, म्हणाल्या, ‘आन ह्यो फोटू काय आपोआप निगाला व्हय? समोर ह्ये हायती की उबं.’”

१४. सबब माझी आज्ञा अशी की संग्रहाचे कुलूप काढावे. टॅग लावण्याची मुभा पूर्वीसारखी सर्वांना द्यावी, रखमाजीलासुद्धा. त्याला दगडाला स्वतःचे नाव लावायचे असेल तर लावू दे. बांध त्याने हलत नाही. ‘आमी दोघं’ या टॅगला मात्र कोणी हात लावू नये. त्यात भर घालू नये, अक्षर दुरुस्त करू नये. ती निवड तिची आहे.

१५. माझ्या मागे फ्रेमसाठी माझा फोटो शोधाल. ‘संपत’ असा शब्द घातलात तर काही सापडणार नाही, कारण नऊ हजारांत मी एकदाही समोर उभा राहिलो नाही. आधार कार्डावरचा लावू नये. तिची आधार कार्डाची फ्रेमही भिंतीवरून उतरवावी आणि त्या जागी तिच्या ‘आमी दोघं’ या टॅगमधला कोणताही एक फोटो मोठा करून लावावा. खाली दोन नावे लिहावीत, तिचे आणि माझे. पाहुण्यांपैकी कोणी म्हणाले की यात संपतराव कुठे दिसत नाहीत, तर ती कोणाकडे बघते आहे ते त्यांना विचारावे.

वरील मजकूर मी दोनदा ऐकला, तो माझ्या म्हणण्याप्रमाणेच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी त्यावर सही केली आहे. सही ओळीच्या खाली गेली असल्यास डोळ्यांचा दोष समजावा.

ठिकाण: भोर
दिनांक: ११ डिसेंबर २०२५

(सही) संपत सावळाराम खुटवड

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष वरील सही झाली:
(सही) गेनबा मारुती शिवतरे, निवृत्त एस.टी. चालक, शेजारी, भोर
(सही) सुलक्षणा विठ्ठल कोंडे, शिक्षिका, शिवरे