माझ्या नावाचं झुडूप

१४ एप्रिल
निवृत्त झालो की रोजनिशी लिहायची असं ठरवलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आज लिहिण्यासारखं काही घडलं.
कड्याच्या टोकाला, वेधशाळेच्या दुर्बिणींच्या घुमटांच्या खालच्या अंगाला, एका कपारीत एक झुडूप सापडलं. गुडघ्याएवढं. पानं रुपेरी, कळ्या फिकट जांभळ्या. आख्ख्या ला पाल्मा बेटावर असलं दुसरं नाही. मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीतला माणूस, पाटांच्या मागे हे बेट पायाखाली घातलंय, तेव्हा मला कळतं. आजूबाजूला पुष्कळ शोधलं. एकच आहे.
कोणाला सांगायचं नाही. बायकोला, ओब्दुलियाला तर नाहीच. तिला सकाळी सांगितलेलं दुपारी बेकरीत ऐकू येतं.

१६ एप्रिल
शेजारच्या तेनेरिफ बेटावरच्या विद्यापीठात डॉक्टर दासिल म्हणून झुडपांच्या तज्ज्ञ आहेत. फोन केला, फोटो पाठवला. फोटोत माझा अंगठा जास्त आलाय, तरी बाई चाट पडल्या असाव्यात. तसं दाखवलं नाही.
म्हणाल्या, नवी जात ठरवायची तर फुलंही बघावी लागतात आणि शेंगाही. आत्ता फुलांची एक लहानशी डहाळी पाठवा, बाकी हात लावू नका, शेंगा धरल्या की मी स्वतः येते.
नाव कसं ठेवतात, असं सहज विचारलं. पुष्कळदा ज्याला सापडलं त्याचंच देतात, पण ते दुसऱ्याने द्यावं लागतं. मी म्हटलं, छे, मला नावाबिवाची हौस नाही. आणि सेलेस्तिनो हे नाव एकेक अक्षर फोड करून सांगितलं.

१ मे
फुललंय. एक डहाळी घ्यायला गेलो. पहिली जरा वाकडी निघाली. दुसरीची पानं किडलेली. माझ्या नावानं विद्यापीठात जायचं म्हणजे नमुना कसा देखणा हवा. मग उजव्या बाजूच्या घेतल्या, तर झुडूप एकांगी दिसायला लागलं, म्हणून डावीकडच्याही घेतल्या.
थोड्या जास्त झाल्या.
द्राक्षाच्या वेलीची छाटणी करतातच की. तरी उतरताना मागे वळून बघवलं नाही. सगळ्यात चांगली डहाळी वर्तमानपत्रात दाबून गादीखाली ठेवली, वाळली की टपालाने बाईंना जाईल. बाकीच्या न्हाणीघरात, बादलीत.

३ मे
आज क्रॉसचा सण, आळीआळीत फुलांनी क्रॉस सजवतात. सकाळी बघतो तर बादली रिकामी.
धावत गल्लीच्या तोंडाशी गेलो. आमच्या आळीचा क्रॉस नखशिखांत फिकट जांभळा. ओब्दुलिया शिडीवरून उतरली आणि तिने सगळ्यांदेखत माझा मुका घेतला. म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुला सजावटीचं सुचलं. फादरनी विचारलं, ही फुलं आणलीत कुठून? बाजारातून, असं म्हणालो. क्रॉससमोर उभा राहून.
उरलेला दिवस पोट बिघडल्याचं सांगून पडून राहिलो. पुढे ते खरंच बिघडलं.

१० मे
क्रॉस उतरवला. क्रॉसची फुलं कचऱ्यात टाकायची नाहीत, हा ओब्दुलियाच्या माहेरचा रिवाज. दरवर्षी सगळ्या काड्या खुराड्यामागे रंगाच्या जुन्या डब्यांत मातीत खोचून ठेवते. यंदाही खोचल्या. मला त्यांच्याकडे बघवत नाही. कोंबड्यांना दाणे घालायला आता तूच जात जा, असं तिला सांगितलंय. कारण: गुडघे.

१९ जून
शेंगा बघायला गेलो. एकही नाही. सगळी फुलं काढली तर शेंगा धरणार कशा, हे वाटेत उतरताना लक्षात आलं. हे आधी सुचणं शक्य नव्हतं. मी पाण्याचा माणूस.
बाईंना फोनवर सांगितलं, यंदा मधमाश्या आळशी आहेत. त्या म्हणाल्या, हरकत नाही, पुढच्या वर्षी बघू, तोवर झुडूप तेवढं जपा.
जपणं मला जमतं. आजपासून त्याला कुठल्याही गोष्टीची कमी पडू देणार नाही. तेवढं मी त्याचं देणं लागतो.

२४ जून
झुडूप कोरड्या ठणठणीत खडकात उभं आहे. बिचाऱ्याला जन्मात कोणी पाणी विचारलेलं नाही. उभी नोकरी लोकांच्या केळीबागांना पाण्याच्या पाळ्या लावून देण्यात गेली. पाणी कमी आलं म्हणून माणसं माझ्या टेबलावर मुठी आपटायची. जास्त आलं म्हणून एकही तक्रार कधी आली नाही.
झुडपाला पाळी लावून द्यायची. दिवसाआड, सकाळ-संध्याकाळ.
ओब्दुलियाचा भाऊ बिबियानो याच्या खेचरावरून पिंप आणि नळी वर नेली. पक्ष्यांसाठी, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, खरं सांगा, वर केळी लावताय ना?"

६ जुलै
पानं पिवळी पडली. म्हणजे पाणी पुरत नाही. पाळी रोजची केली.

१७ जुलै
पानं गळतायत. बिबियानोच्या गोठ्यातलं शेळ्यांचं खत चांगलं पोतंभर घातलं. मग शेजारी बसून झुडपाची माफी मागितली, फुलांबद्दल. ऐकणारं कोणी नव्हतं, तरी लाज वाटली. उतरण्याआधी पिंप काठोकाठ भरलं.

२ ऑगस्ट
बाईंचा फोन. बोलता बोलता म्हणाल्या, अशी झुडपं धुक्यावर जगतात, पाणी लागलं की मुळं कुजतात, चुकूनही घालू नका. मी म्हटलं, छे, पाणी कोण घालतंय.
तसाच वर गेलो, पिंपाची तोटी बंद केली. झुडूप जरासं सरळ करावं म्हणून धरलं, तर ते हातातच आलं. मुळं काळी, चहात पडलेल्या बिस्किटासारखी.
परत खोचलं. भोवती दगड लावले. लांबून उभं दिसतं.

५ सप्टेंबर
बाई पुढच्या आठवड्यात येणार. फोटोंवर भागत नाही म्हणाल्या. मीही कसला नवा फोटो पाठवला नव्हता.
बेत ठरला: बिबियानोच्या शेळ्यांनी खाल्लं म्हणून सांगायचं. शेळ्यांना कुठे कोर्टात जायचंय? बिबियानोला तशी कल्पना दिली. तो म्हणाला, "माझ्या शेळ्या त्या कपारीत चढल्या असत्या ना दाजी, तर मी बघायला तिकीट लावलं असतं."

१२ सप्टेंबर
बाई आल्या. अगदी तरुण, दोर खांद्याला, माझ्याआधी वर. मी धापा टाकत पोचलो तोवर त्यांनी झुडपाला नुसतं बोट लावलं होतं आणि ते आडवं झालं होतं. त्यांनी पिंप पाहिलं. नळी पाहिली. खत पाहिलं.
शेळ्यांचं वाक्य तोंडपाठ होतं. तोंडातून निघालं, "मीच."
फुलांचंही सांगितलं. बाई खडकावर बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही पाठवलेल्या डहाळीवरून माझी खात्रीच झाली होती. नवंच होतं हो ते." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
घरी ओब्दुलियाने त्यांना कॉफी दिली. कप घेऊन त्या अंगणात गेल्या आणि खुराड्यामागे थबकल्या. रंगाचे डबे. सगळ्या काड्या वाळलेल्या. एकीला रुपेरी पानं.
"ती होय? क्रॉसची काडी आहे," ओब्दुलिया म्हणाली. "पाणी घालायचं राहूनच गेलं बघा. तरी जगली बिचारी."
बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राहून गेलं म्हणूनच."
मी कोंबड्यांकडे बघत राहिलो.

२० जानेवारी
बाईंचा फोन. त्यांच्या माणसांनी महिनोन् महिने दोर लावून सगळे कडे धुंडाळले. दुसरं मिळालं नाही. शेंगांऐवजी जनुकं तपासली, जात नवी ठरली, पक्की. नाव माझंच दिलंय. तुमची तीच इच्छा होती ना, असं त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.
मग नोंद वाचून दाखवली. लॅटिनमध्ये मी, आणि माझ्यापुढे लगेच त्याच ओळीत: निसर्गातून नामशेष. कारण: अतिरिक्त तोडणी आणि सिंचन.
माझं नाव जिथे जिथे येणार, तिथे ते दोन शब्द मागोमाग येणार. मी विनवलं, नाव बदला, ओब्दुलियाचं द्या, खरी मानकरी तीच. मोठेपणाच होता तो माझा. बाई म्हणाल्या, अजून छापलेलं नाही, त्यांना विचारा. ओब्दुलियाला फोनवर बोलावलं.
"माझं नाव कशाला?" ती म्हणाली. "मी कुठे मारलंय त्याला?"

२१ जानेवारी
बाईंनी काडीवरून आणखी रोपं करायला घेतली आहेत, तेनेरिफला. मूळ डबा इथेच आहे, माडीच्या खिडकीत. ओब्दुलिया आठवडाभर बहिणीकडे गेली.
झाडावर लक्ष ठेव म्हणाली. घरातल्या पाण्याची मुख्य तोटी बंद करून चावी बिबियानोकडे देऊन गेली आहे. अंघोळीला त्याच्याकडे जातो.