सोमवारी चुकणारे सूत्र

पनवेल, १२ ऑगस्ट १९५८

डॉक्टरसाहेबांस,
सादर नमस्कार.

सौ. मथुरेचे इन्सुलिन वाढवावे, अशी आपली आज्ञा होती. मी ती पाळली नाही.

भात, चालणे आणि इन्सुलिन यांवरून लघवीत साखर किती उतरेल, याचे सूत्र मी सहा महिन्यांच्या नोंदींवरून बसवले. ते केवळ सोमवारी चुके; साखर हिशेबाहून जास्त उतरे. सोमवारी तिचा उपवास आणि साबुदाण्याची खिचडी!

"मग उपवास सोडू?" ती धास्तावली.

"उपवास राहू दे, साबुदाणा सोड."

"एवढ्यासाठी सहा महिने रेघोट्या ओढल्यात?"

काल सोमवारी परीक्षानळीतले द्रावण तापवूनही निळेच राहिले. साखर नाही! सत्तराव्या वर्षी मी टाळ्या पिटल्या.

हे पत्र मात्र मी टपालात टाकणार नाही. दर सोमवारी "आणखी घे" म्हणून खिचडीचा आग्रह करणारा मीच होतो.

आपला आज्ञाभंगी,
नारायण केशव टिपणीस