साडेबारा नंबरची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय प्रोग्रामिंग (आता निवृत्त), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. तब्येत ठणठणीत आहे. कोणी उगाच गळा काढू नये.

१. राहते घर, खोल्या तीन, पतींच्या हयातीपर्यंत त्यांचे. नंतर मुलगा व मुलगी यांना समसमान. वाटणी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे करावी. दुसऱ्या आवृत्तीत तीनला दोनने भागले की उत्तर एक येई आणि उरलेले गुपचूप गायब होई; तिसरीत दीड येते.

२. पायथनची सगळी पुस्तके मुलीला. दुसऱ्या आवृत्तीची मात्र पतींच्या उशाशीच राहू द्यावीत. त्यांच्यावरून घरात काय झाले ते मुलाला अर्धवटच माहीत आहे, म्हणून लिहिते.

नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीचा प्रोग्राम आम्ही दोघांनी दुसऱ्या आवृत्तीत लिहिला होता. २००८ साली तिसरी आली आणि जुने प्रोग्राम तिच्यात जसेच्या तसे चालेनात. एक शब्द छापायचा तरी कंस लागे. "कंसापायी मी चालता प्रोग्राम मोडणार नाही," हे म्हणाले. पुढे दुसरीची शेवटची आवृत्ती आली, दोन पॉइंट सात. हे तिला असे चिकटले की सगळे त्यांना 'दोनसात' म्हणू लागले. तिची डागडुजी आधी २०१५मध्ये थांबणार होती, मग २०२० ठरले. ती मुदतवाढ हे स्वतःच्या विजयासारखी मिरवत.

शेवटी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी प्रोग्राम तिसरीत आणायचे काम मला दिले. यांनी खुर्ची उचलून मागच्या खोलीत नेली आणि माझ्याशी बोलणे टाकले. चहासुद्धा मुलीमार्फत मागत.

नव्या प्रोग्रामच्या पहिल्याच खेळाला मी मुलीला घेऊन नाट्यगृहाच्या दारात थांबले होते. एक आजोबा तिकीट घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. "बाई, साडेबारा नंबरची खुर्ची कुठे आहे?"

रांगेत खुर्च्या पंचवीस; मध्याजवळची शोधायला प्रोग्राम पंचविसाला दोनने भागत होता. मागे लोक खोळंबले. मुलीने घरी फोन केला. हे आले, तिकीट पाहिले आणि पोट धरून हसले.

"इथे भागाकाराला दोन तिरक्या रेघा दे. अर्धं टाकून देईल."

"म्हणजे तुम्ही तिसरी वाचलीत?"

"मागच्या खोलीत दुसरं काय करत होतो मी?"

आजोबांना बारा नंबर मिळाला. घरी आल्यावर यांनी खुर्ची पुढच्या खोलीत आणली.

प्रोग्राममधली भागाकाराची ती ओळ मुळात त्यांची, तिसरीत आणली मी. चूक कोणाची, हा वाद वारसांकडे जाणार नाही. तो आम्हा दोघांचा आहे.

३. त्या दिवसांत "मी आधीच म्हटलं होतं, यांचं पटायचं नाही" असे सगळीकडे सांगणाऱ्या नणंदबाईंना माझा कीबोर्ड द्यावा. त्याचे खोडायचे बटण उत्तम चालते.

४. आता दर ऑक्टोबरमध्ये तिसरीचीच नवी सुधारित आवृत्ती येते. आम्ही शेजारी बसून ती संगणकावर घेतो आणि काय बदलले ते मी मोठ्याने वाचते. माझ्यानंतर मुलीने वाचावे. हे कुरकुर करतील, "याची काय गरज होती," म्हणतील. तिने थांबू नये. जरा वेळाने ते स्वतःच विचारतात, "पुढे काय लिहिलंय?"

लिहून देणार: (सही) दोनसातची बायको
आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
(सही) नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवरच्या बाई
(सही) वरच्या मजल्यावरचे डॉक्टर
स्थळ: पुढची खोली
दिनांक: ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, नवी आवृत्ती चालू करून पाहिल्यावर