गुणाजीचं नाव

हौगांग, सिंगापूर
४ फेब्रुवारी २०२५

ती. वसुधाआत्या,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. लेटरबॉक्स उघडताना शेजारच्या मिसेस टान यांनी पुन्हा विचारलं की हल्ली पत्रं कोण पाठवतं. मी म्हटलं, माझ्या आत्याला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर ती शुद्धलेखन तपासते. त्यांना दुसरं कारण जास्त पटलं.

माझं बरं चाललंय. नव्या वर्षापासून ऑफिसात माझ्यासोबत होदान नावाची एक सोमाली बाई बसते. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. गाव जिगजिगा, म्हणजे आजच्या नकाशात इथिओपिया, पण माणसं सगळी सोमाली. तिच्या मामानं पन्नास वर्षांपूर्वी घरातल्या म्हाताऱ्या बायकांचं बोलणं कॅसेटवर भरून ठेवलं होतं. ते उतरवून काढायला तिला इथली सहा महिन्यांची फेलोशिप मिळाली आहे. पासिर रिसला खोली घेऊन राहते. शनिवारी आम्ही दोघी हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, हलाल स्टॉलवर पराठा खातो. तिला आपल्यासारखाच चहा गोड लागतो.

तिनं मला तिकडची गोष्ट सांगितली. सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाजूनं इथिओपियाच्या सम्राटाची फौज येऊन दरवर्षी त्यांचे उंट हाकून न्यायची, दुसरीकडून इंग्रज आणि इटालियन त्याच कुरणांवर सरहद्दी आखत होते. या लोकांना कोणी काही विचारलं नाही. शेवटी त्यांचे पुरुष दरवेश म्हणवणाऱ्या बंडखोरांना जाऊन मिळाले आणि वीस वर्षं लढले. इंग्रजांनी त्यांच्यावर हिंदुस्थानातून पलटणी नेल्या होत्या. हे ऐकताना मला बाबांच्या पणजोबांचं, विठोजींचं पदक आठवलं. बाबा ते दसऱ्याला पूजेत ठेवतात, त्यावर सोमालीलँड असंच लिहिलंय ना?

विठोजींची मोडीतली टिपणं तुझ्या ट्रंकेत आहेत. तू वाचून दाखवशील का? मोडी येणारं घरात दुसरं कोणी नाही.

गुडघ्याला जप. उत्तर लवकर पाठव आणि माझ्यावरचा लोभ शुद्धलेखनावर अवलंबून ठेवू नकोस.

तुझी,
ऋता

सातारा
१९ फेब्रुवारी २०२५

चि. ऋता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. चुका तीन. त्या दुरुस्त करून पत्र फायलीत लावलं आहे.

इकडे तुझ्या बाबानं उच्छाद मांडला आहे. लढाईवर गेलेल्या माणसांच्या नावांची शिळा गावात बसवायची ठरली आहे. १ मेला तिचं अनावरण. विठोजींचं नाव वरून तिसरं. तीन दिवस त्यांनी शत्रूच्या मुलखात विहीर राखली आणि त्याबद्दल नाईकाचे हवालदार झाले, हे आमच्या वडिलांनी आम्हाला लहानपणी सांगितलं, तेच प्रबोध त्या दिवशी भाषणात सांगणार आहे. दर रविवारी येऊन माझ्यासमोर मोठ्यानं भाषण म्हणतो. मला अर्धंच ऐकू येतं, पण त्याचा चेहरा बघते. तुझी आई गेल्यापासून त्याला इतकं हौसेनं काही करताना पाहिलं नव्हतं.

टिपणांचं म्हणशील तर कागद फार जीर्ण आहेत. माझे डोळेही पूर्वीचे राहिले नाहीत. सवडीनं बघू. तू तुझं संशोधन छापील पुस्तकांवरून कर, तिकडे मोठं ग्रंथालय असेलच.

होदानला माझा नमस्कार सांग. परक्या गावात एकटीनं राहायचं म्हणजे सोपं नाही. तिला घरचं काही करून घाल, नुसत्या पराठ्यावर ठेवू नकोस.

प्रकृतीला सांभाळ. आत्याची आठवण असू द्यावी.

तुझी,
वसुधाआत्या

हौगांग
९ मार्च २०२५

ती. वसुधाआत्या,
शि. सा. न.

डोळ्यांचं कारण मला पटलं नाही. ज्या डोळ्यांना माझ्या तीन चुका दिसल्या त्यांना मोडीही दिसेल. आणि आता तर ते वाचायलाच हवं.

होदाननं मला तिच्या पणजीची कॅसेट ऐकवली आणि वाक्यावाक्याला थांबवून अर्थ सांगितला. पणजीचं नाव अंबरो. १९०३ साली ती नऊ वर्षांची होती. इंग्रजांची फौज येतेय म्हटल्यावर त्यांच्या लोकांनी आपलीच विहीर दगडमातीनं बुजवली. फौजेला पाणी मिळालं नसतं तर ती परत फिरली असती. पण शिपायांनी ती उकरून काढली आणि भोवती पहारा बसवला. रानात दडलेल्या बायका-मुलांना पाण्यासाठी तिथंच यावं लागलं. साहेबानं दुभाष्याकडून सांगितलं की पुरुष आणि उंट कुठे आहेत ते सांगा आणि पाणी घ्या.

आत्या, एकीनंही सांगितलं नाही. चाळीस-एक बायका-मुलं विहिरीसमोर उन्हात बसून राहिली. दोन दिवस. सात जण मेले, त्यात चार मुलं. चौथ्या दिवशी फौज पुढे गेली. अंबरो कॅसेटवर ती सात नावं म्हणते आणि मग म्हणते की एका हिंदी शिपायानं उंटाला पाजायला नेतोय असं दाखवून मला पखालीतलं पाणी पाजलं. नंतर तो दिसला नाही. त्याचं नाव तिला कळलं नाही. होदानच्या घरी आजही त्या सात जणांसाठी प्रार्थना होते तेव्हा शेवटी त्या शिपायासाठीही होते, नावाशिवाय.

तीन दिवस राखलेली विहीर. साल १९०३. तो शिपाई आपले विठोजी असतील तर? मला राहवलं नाही, मी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं. त्यांचे डोळे भरून आले. आता हेही भाषणात घालणार म्हणतात. होदानलाही मी म्हटलंय की कदाचित आमच्या घरी उत्तर सापडेल. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी डब्यात हलवा आणला.

तेव्हा चष्मा बदल, भिंग घे, पण वाच. वाट पाहते. लोभ आहेच, तो कागदावर दिसू दे.

ऋता

सातारा
२४ मार्च २०२५

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं.

टिपणं मी वाचलेली आहेत. १९९१ साली मोडीचा वर्ग केला तेव्हा सरावाला म्हणून तेच कागद काढले होते. वाचून झाल्यावर ट्रंकेत तळाशी ठेवले आणि त्यावर आईच्या साड्या घातल्या. प्रबोधला सांगितलं की हजेरी आणि शिध्याचे हिशेब आहेत. चौतीस वर्षं तो तेच धरून आहे. तू त्याला सांगण्याआधी मला विचारलं असतंस तर, असं मनात येतं, पण दोष तुझा नाही. तू मला विचारलं होतंस आणि मी डोळ्यांचं निमित्त पुढे केलं.

विहीर तीच असावी. बुजवलेली होती, उकरली, बायका समोर येऊन बसल्या, हे सगळं त्यांनी लिहिलं आहे. ज्या शिपायानं पाणी दिलं ते विठोजी नव्हते. तो आपल्याच गावचा, खालच्या आळीतला, गुणाजी नावाचा. त्यांच्यासोबत भरती झालेला. पुढचं मी त्यांच्याच शब्दांत उतरवते.

"गुणाजीने पखालीचे पाणी एका पोरीस पाजले ते मी पाहिले. साहेबास कळविले. हुकूम तसा होता. त्यास बांधून बर्बरा बंदरी रवाना केले. दुसरे दिवशी मजला हवालदारी सांगितली."

तीन पानं सोडून वेगळ्या शाईत एवढंच आहे:

"गुणाजी बर्बऱ्याच्या तुरुंगात तापाने वारला. गावी आल्यावर त्याच्या आईस तो लढाईत पडला असे सांगितले."

बाकी कोरं. पुढे ते तीस वर्षं जगले. लिहिलं काही नाही.

शिळेवर गुणाजीचं नाव नाही. यादी सरकारी कागदांवरून केली आणि शिक्षा झालेल्यांची नावं त्यात धरली नाहीत. त्याच्या घराण्यात आता कोणी उरलेलं नाही.

होदानला काय सांगायचं ते तू ठरव. प्रबोधचं ओझं माझं आहे, ते मी उचलते. मला जमलं तर.

माझ्यावर रागावली असशील तर रागाव. लोभ मात्र आत्ता मागवत नाही.

वसुधाआत्या

हौगांग
१२ एप्रिल २०२५

ती. वसुधाआत्या,
शि. सा. न.

रागावले नाही. दोन दिवस कोणाशी बोलले नाही, एवढंच.

होदानला गेल्या शनिवारी सांगितलं. नेहमीच्या टेबलावर बसलो होतो. आधी मी फक्त नाव सांगितलं. तिनं ते लिहून मागितलं आणि मला चार-पाच वेळा म्हणायला लावलं. 'ण' तिला जमत नव्हता, पण सोडून देईना. म्हणाली, आईला फोन करून सांगते, एकशे बावीस वर्षं आमच्या प्रार्थनेत एक जागा रिकामी होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. मी तिथंच थांबले असते तर चाललं असतं.

मग तिनं विचारलं की तो नंतर का दिसला नाही. मी सांगितलं. तिनं विचारलं की त्याचं नाव साहेबाला कोणी सांगितलं. आत्या, मला सुचलं होतं की म्हणावं, कागदात ते नाही. पण तिच्या घरच्या सात जणांनी जीव दिला आणि कोणाचं नाव सांगितलं नाही, आणि मी तिच्यासमोर बसून खोटं बोलायचं, हे होईना. सांगितलं की माझ्या बाबांच्या पणजोबांनी.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, जणू माझ्यात त्यांचं काही दिसतंय का ते शोधत होती. मग दोघींच्या ताटल्या एका ट्रेमध्ये ठेवून जिथे परत द्यायच्या तिथे नेऊन ठेवल्या आणि तशीच एमआरटीच्या स्टेशनाकडे निघून गेली. सोमवारी ऑफिसात आली ती विभागप्रमुखांना सांगून कोपऱ्यातल्या टेबलावर बसली. मान हलवते. बोलत नाही.

बाबांना लवकर सांग. १ मे जवळ आलाय.

मला तुझा लोभ लागतो. तू मागवला नाहीस तरी माझा पाठवते आहे.

ऋता

सातारा
५ मे २०२५

चि. ऋता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रबोधला मी तोंडानं सांगू शकले नाही. टिपणं बाळबोधीत उतरवून त्याच्या हातात दिली. ओसरीवर बसून वाचली. पहिलं विचारलं ते हे की ऋताला माहीत आहे का. मी हो म्हटलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला की चौतीस वर्षं तू मला सांगितलं नाहीस, म्हणजे खरं ऐकायची माझी ताकद नाही असंच तू धरून चाललीस. जेवायला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी समितीकडे गेला. गुणाजीचं नाव कोरा म्हणाला. ते म्हणाले, फौजेनं शिक्षा केलेल्याचं नाव शिळेवर घेता येत नाही. मग आमचं नाव काढा म्हणाला. ते म्हणाले, दगड कोरून झाला आहे.

१ मेला मला वाटलं तो येणार नाही. आला. इस्त्रीचा सदरा, फेटा. मी पहिल्या रांगेत होते, त्यामुळे ऐकू आलं. लिहिलेलं भाषण त्यानं काढलंच नाही. एवढंच म्हणाला की माझ्या पणजोबांनी गुणाजीचं नाव साहेबाला सांगितलं होतं, आज मी ते तुम्हाला सांगतो. मग विहिरीवरच्या बायकांचं सांगितलं, तहानेनं मेलेल्या मुलांचं सांगितलं, गुणाजीच्या आईला काय सांगितलं गेलं तेही. फार वेळ नाही, चार-पाच मिनिटं. कोणी टाळी वाजवली नाही. सूत्रसंचालकानं चहाची सूचना दिली.

गावात लोक त्याच्याशी बोलत नाहीत. आपल्याच भावकीतल्या एकानं येऊन सांगितलं की घराण्याची अब्रू माइकवरून वाटलीत. माझ्याकडेही प्रबोध अजून येत नाही. रविवारी सकाळी मी दार उघडं ठेवते.

त्यानं केलं ते बरोबर केलं. मीच ते आधी करू दिलं असतं तर त्याला इतक्या लोकांसमोर एकट्यानं करावं लागलं नसतं.

तू त्याला फोन करत राहा. मोठ्या माणसांनाही लोभ लागतो, विशेषतः त्यांनी तो घालवला असला तर.

वसुधाआत्या

हौगांग
१५ जून २०२५

ती. वसुधाआत्या,
शि. सा. न. वि. वि.

बाबांशी रोज बोलते. काल स्वतःहून विचारत होते की तुझा गुडघा कसा आहे. येतील.

होदान तिच्या गावी परत गेली. तिचा इथं राहण्याचा पास महिनाअखेरीस संपत होता, पण आईची तब्येत बिघडली म्हणून आधीच निघाली. मला बोलावलं नव्हतं. तरी मी चांगीला गेले. बाबांनी १ मेला जे सांगितलं ते, गुणाजीच्या आईचंही, आणि तू चौतीस वर्षं टिपणं दडवलीस ते मी तिला महिन्यापूर्वी ईमेलनं कळवलं होतं, त्याचं उत्तर आलं नव्हतं. विमानतळावर तिनं सांगितलं की तो ईमेल तिनं बऱ्याचदा वाचला. बाबांबद्दल तिच्या मनात आदर आहे, पण माझ्या शेजारी बसून पूर्वीसारखं खाणं तिला शक्य नाही. यात माझी काही चूक नाही हे तिला कळतं, आणि कळून उपयोग होत नाही, असं म्हणाली. मी तिची बॅग उचलायला गेले तर तिनं ती स्वतःच उचलली. आत जाताना एकदा वळून हात केला.

काल तिचा मेसेज आला. आई गुरुवारी गेली. शेवटचे दोन दिवस शुद्धीवर होती. होदान पोचल्यावर आईनं ती सात नावं म्हटली आणि आठवं 'गुनाजी' म्हणून म्हटलं. विठोजींचं तिनं आईला सांगितलं नाही. आईनं तिला एकच विचारलं की त्याच्या आईला कळलं होतं का, की तो कशासाठी मेला.

होदाननं सांगितलं की हो, कळलं होतं.

मला लिहिलंय की हे तुझ्या आत्याला कळव, त्यांना समजेल.

तुझी,
ऋता