शेवटची पानं कापलेली नाहीत

मुरुम,
ता. ११ ऑक्टोबर १९४४, बुधवार, सकाळी साडेसहा.
आडत अजून उघडलेली नाही. गादी झाडून लिहायला बसलो आहे.

रा. रा. शिवशरण यांस महारुद्रचा सप्रेम शरणार्थ.

इकडे सर्व क्षेम. आईचा गुडघा आता बरा आहे. तुमच्या बहिणीला पंचमीला माहेरी धाडलं, आता दिवाळी आली. आमचे मामा तिला परत न्यायला तिकडं आले तेव्हा तिला ताप होता असं कळलं. उतरला असेल.

पत्रासोबत एक कादंबरी पाठवत आहे. आडतीच्या वसुलीसाठी सोलापूरला गेलो होतो तेव्हा घेतली. यंदाच छापलेली आहे. पुण्यातल्या एका वाचनालयात एक कारकून आणि एक मास्तरीण चुकून एकमेकांच्या छत्र्या घेऊन जातात. परत द्यायला आधी कोणी जायचं, यावर दोघंही अडून बसतात. तो बिचारा आठवडाभर फुलाफुलांची छत्री धरून कचेरीत जातो. गोष्ट एवढीच, पण लिहिणाऱ्यानं एकाही माणसाला वाईट केलेलं नाही. दोघं भांडतात तेही असं, की मध्ये पडू नये वाटतं. मी शाळेत उर्दू शिकलो, तेही चौथीपर्यंत, मराठी घरीच. तरी कुठं अडलो नाही. काही वाक्यं दोनदा वाचली, ती आवडली म्हणून.

येताना आपल्या संस्थानच्या सरहद्दीच्या नाक्यावर बाबामियाँ जमादारांनी पुस्तक काढून घेतलं. सोलापूरचा छापील कागद म्हटला की तपासणी आलीच. त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणाले, वाचून दाखवा, मग सोडतो. मी वाचायला लागलो. कसाबसा कचेरीतल्या छत्रीपर्यंत आलो आणि मला हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वर बघतो तर जमादार पुस्तकाकडं नव्हे, माझ्याकडं बघत होते.

"दो साल से देखतूँ मुनीमजी," ते म्हणाले, "आज पैली बार दाँत दिखे तुम्हारे."

मग चहा आला, दोन शिपाई येऊन बसले आणि माझी मोटार निघून गेली. उठायला लागलो तर शिपाई विचारतात, "शादी होती क्या नै, वो तो बोलके जाव." मलाच ठाऊक नव्हतं. परत येईन तेव्हा सांगतो, असा शब्द देऊन बैलगाडीनं आलो.

हे पत्र तुम्ही नेहमीप्रमाणं सोप्यात बसून सगळ्यांना वाचून दाखवत असाल. इथून खाली मोठ्यानं वाचू नये. कागद जगदेवीच्या हाती द्यावा.

तू जाताना माझ्या बहिणीला म्हणालीस, या घरात कुणी हसत न्हाय. ते माझ्या कानावर आलं होतं. जमादार साक्षीला आहेत; पण हसलो तो नाक्यावर, घरात नव्हे, हे मलाही कळतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानांच्या कडा जोडलेल्याच आहेत. सुरी हाताशी होती, कापल्या नाहीत. ती पानं इथं तू वाचावीस आणि मी ऐकावीत, आईसमोर, दिवसाढवळ्या.

पाडव्याला मामा येणार नाहीत, मी येतो. ताप असला तर उतरेपर्यंत बसून राहीन.

आधी निघालेला,
महारुद्र

ता. क. खर्च: पुस्तक दीड रुपया इंग्रजी कलदार, नाक्यावरचा चहा चार आणे संस्थानी हाली. देणं: बाबामियाँना शेवट. तो पुढच्या वेळी माहेरी जाताना वाटेत तूच सांग.