गुळाच्या कढईला वीज

रिसोड, पौष महिना, सन १९७५

श्रीयुत केशरीचंदजी यांसी, रिसोडहून गुलाबचंदचा हात जोडून जयजिनेंद्र.

इकडे सगळं ठीक आहे, तिकडचं तुम्ही कळवालच. तुमचा खोकला कसा आहे? कंचनभाभींची दाढ काढली की अजून लवंगेवरच चाललं आहे? तुमची बहीण राजमती अनसिंगला सुखरूप पोचल्याचं एस.टी.च्या कंडक्टरकडून कळलं, बरं वाटलं. माहेर आहे, राहू द्या. मला इथे काही अडचण नाही. (स्वयंपाक जमतो. खिचडी करतो. कालची तळाला जरा काळी झाली होती, पण वरची चांगली होती आणि वरची बरीच होती.) फक्त निघताना ती म्हणाली, की या गल्लीत मी आता पाऊल टाकणार नाही. हे तिने तिकडेही सांगितलं असेल, आणि सांगताना सगळा दोष माझ्या कढईवर टाकला असेल. तुम्ही तिचे थोरले भाऊ. तुम्ही 'जा' म्हणालात तरच ती येईल, आमच्या म्हणण्याला तिथे काय किंमत! म्हणून मत बनवण्याआधी कढईची बाजू ऐकून घ्या.

राजमतीचे गुडघे दोन हिवाळ्यांपासून धरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मंदिराच्या पायऱ्या चढताना ती भिंतीला धरून चढते. (माझा हात धरत नाही. चारचौघांत नवऱ्याचा हात धरायचा नसतो, ही तुमच्या आईची शिकवण. भिंतीने असं कोणतं पुण्य केलं ते मला अजून कळलं नाही.) वाशीमच्या वैद्यांनी सांगितलं, रोज संध्याकाळी कमरेपर्यंत कढत पाण्यात बसा. सांगायला त्यांचं काय जातं! आमच्या बंबातल्या पाण्यात फार तर एक गुडघा बसेल. बादल्या भरून आणायच्या तर त्या आणणार कोण, तर तीच, म्हणजे गुडघे बरे करण्यासाठी गुडघे मोडायचे. मी विचारात पडलो. मग मला नानाजी आठवले. हे आमचे जुने गिऱ्हाईक, खेड्यावर राहतात. त्यांनी ऊस लावणं सोडलं तेव्हापासून त्यांची गूळ शिजवायची लोखंडी कढई अंगणात उपडी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या नांदत होत्या. माणूस आत मांडी घालून बसेल एवढी मोठी. मी ती मागून घेतली, बैलगाडीवर टाकून भर बाजारातून घराकडे नेली. अर्ध्या रिसोडने विचारलं, शेठ, एवढी जिलेबी कोणाच्या लग्नाची? मी बैल हाकले. घरी आणून परसात तीन दगडांवर बसवली, भोवती तट्ट्यांचा आडोसा केला.

आता खाली जाळ घातला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण राजमती म्हणाली, लाकडात किडे असतात, जाळावर पतंग येऊन पडतात, माझ्या दोन गुडघ्यांसाठी एवढे जीव जाळायचे नाहीत. इथे माझं डोकं चाललं. मी म्हटलं, वीज आणू. दुकानात मीटर आहेच, तिथून परसापर्यंत वायर ओढू आणि पाण्यात हीटर सोडू. जाळ नाही, धूर नाही, पतंगाला यायचं कारण नाही. ती 'बरं' म्हणाली. केशरीचंदजी, लग्न झाल्यापासून माझा एखादा मुद्दा तिला पटल्याचा हा पहिलाच प्रसंग. त्या आनंदात मी त्याच दिवशी लालसिंग वायरमनला बोलावलं, आणि तिथून आमचे ग्रह फिरले.

लालसिंग कामाला वाईट नाही. त्याने दुकानापासून कढईपर्यंत सुतळी लावून सरळ रेघ काढली आणि खणायला लागला. चार हात खणल्यावर राजमतीने थांबवलं, पुढे मुंग्यांचं घर आहे. लालसिंगने वळसा घेतला. तिकडे दुसरं घर निघालं. पुन्हा वळसा. असं करत त्याची नाली विहिरीला प्रदक्षिणा घालून परत दुकानाकडे निघाली तेव्हा त्याने कुदळ ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेठजी, वायर सरळ गेली त पानी तापते. मुंगीले वळसे देत गेली त मंग वायरच तापते." हे बोलून तो रामनवमीसाठी पोहरादेवीला गेला. यात्रा उठली, माणसं परत आली, लालसिंग आला नाही. तो उगवला तेव्हा असं ऊन होतं की गरम पाण्याचं नाव काढायला मलाच लाज वाटली. मग पाऊस लागला, चातुर्मास सुरू झाला आणि चातुर्मासात जमीन खणायची नाही, हे तुमच्या घरी मी वेगळं सांगायला नको. अर्धवट नाली तशीच राहिली. (तिच्यात मी एकदा पडलो. राजमती लंगडत आली ते नालीत कोणाला लागलं का हे पाहायला. मला नव्हे, बेडकाला.)

दिवाळीनंतर मीच निर्णय घेतला की वायर जमिनीतून न नेता वरून न्यायची. दुकानाच्या छपरावरून कडुनिंबाला, कडुनिंबावरून शेजारच्या बबनरावांच्या गोठ्याच्या भिंतीला धरून, आणि तिथून आमच्या परसात. बबनराव शेतकरी माणूस, मनाने मोकळा. भिंत वापरा म्हणाला. लालसिंगने अकोल्याहून एक जाडजूड हीटर आणला, अर्थिंगसाठी कोळसा आणि आमच्या स्वयंपाकघरातलं सगळं मीठ खड्ड्यात घातलं, आणि ताकीद दिली, की आधी खटका बंद, मग वायर काढायची, मगच माणसाने पाण्यात उतरायचं. राजमतीने ही ताकीद णमोकार मंत्रासारखी पाठ केली. दुपारी बसून तिने दुहेरी फडक्यातून सगळी कढई गाळून भरली, फडक्यावर राहिलेली जिवाणी, तिच्यातल्या बारीक जिवांसकट, विहिरीत परत सोडली, आणि दिवस मावळल्यावर मी खटका दाबला. पाणी तापलं. वायर काढली. ती आत बसली. मी आडोशाच्या बाहेर उभा होतो. आतून काही आवाज येईना म्हणून मी घाबरून विचारलं, काय झालं? तर म्हणाली, काही नाही, दुखत नाहीये. एवढंच. पण मी तिथेच कडुनिंबाखाली उभा राहिलो आणि माझे डोळे भरून आले, हे तुम्हाला लिहायला मला संकोच नाही.

महिनाभर तिने भिंत धरली नाही. आणि त्याच महिन्यात गल्लीतल्या लोकांचे दिवे मंद व्हायला लागले.

हे आमच्या लक्षातच आलं नाही, कारण दोष आमच्या रीतीचा. आपण दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे होतो. राजमतीची भांडी घासून होतात तेव्हा बाकीच्या गल्लीत चूल पेटत असते, दिवा लागत असतो. नेमक्या त्याच वेळी आमचा हीटर लागायचा आणि सगळ्या गल्लीतल्या बल्बांत नुसती तांबडी तार उरायची. रेडिओवर बातम्या सांगणारा कण्हायला लागायचा. तुळसाबाई, म्हणजे बबनरावांची बायको, त्या उजेडात डाळ निवडायची आणि बबनरावांच्या दाताखाली खडा यायचा. बबनराव चारजण घेऊन दुकानात आला. "शेठ, बाईचे गुडघे बरे होऊन राह्यले, चांगली गोष्ट हाये. पण आमचे डोळे चालले त्याचं काय?" मी म्हटलं, बघतो. बघण्यासारखं काही नव्हतं.

खरा घाव पुढेच पडला. समोरच्या अंगुरीबाईंकडे त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, गाणी चालली होती, दिवा मिणमिणत होता. इकडे पाणी तापलं, खटका बंद झाला आणि तिकडचा दिवा लख्ख झाला. मग राजमती शेकून, साडी बदलून तिकडे गेली. ती उंबऱ्यात आली. अंगुरीबाई म्हणाल्या, "पाहा वं, आधी लाईट आली, अन् मांगून बाई बी आली." सगळ्या बायका हसल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं हो. पण माझी राजमती अशी बाई आहे की ओलं लुगडं वाळत घालतानाही त्यावर दुसरं लुगडं घालते. आपण कधी पाण्यात बसतो हे गल्लीतल्या पोरासोरांना दिव्यावरून कळतं, हे तिला त्या क्षणी समजलं. ती ओटी भरून घरी आली, रात्रीच पिशवी भरली आणि सकाळच्या गाडीने तुमच्याकडे आली. मी फाट्यापर्यंत पिशवी धरून मागे मागे गेलो. पिशवीसुद्धा तिने माझ्याकडून काढून घेतली.

मग मी कढईकडे पाहणंच सोडलं. पाणी तसंच भरून ठेवलं. (ओतायचं तर कोणाच्या अंगावर? जमिनीत मुंग्या.) चार दिवसांपूर्वी संध्याकाळी मंदिरात बाहेरगावच्या शास्त्रीजींचं प्रवचन होतं. विषय, देहाची ममता. शास्त्रीजी म्हणाले, या देहाचे लाड कुठवर करणार? आणि दिवा मंद झाला. माइक कुंथला. सगळं मंदिर सवयीने माझ्याकडे वळून बघायला लागलं. मी उभा राहून ओरडलो, "अरे, ती अनसिंगले हाये!" मग माझ्या, अंगुरीबाईंच्या आणि शास्त्रीजींच्याही (त्यांना आल्याआल्याच कोणीतरी सांगितलं होतं) डोक्यात एकदमच आलं, की मग कढईत कोण? शास्त्रीजींनी प्रवचन आटपेपर्यंत दिवा पुन्हा लख्ख झाला, आणि कंदील घेऊन सगळे आमच्या परसात. खटका बंद, वायर काढलेली, ताकीद अक्षरशः पाळलेली, आणि आत गळ्यापर्यंत बबनराव. डोळे मिटलेले. तुळसाबाई मागून आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अन् मले वाटलं हे गोठ्यात म्हशीजवळ हायेत!" बबनराव म्हणाला, "मी वायर तपासून राह्यलो होतो, शेठ." मग म्हणाला, "नांगरानं कंबर गेली माही. कोनाले सांगू?" कोणी हसलं नाही. पाण्यातून वाफ येत होती आणि मला वाटतं प्रत्येकजण आपापली कंबर आठवत होता.

काल तुळसाबाई निरोप घेऊन आली. गल्लीने ठरवलं आहे की यापुढे सगळ्यांनी उजेड असतानाच जेवून घ्यायचं. मग राजमतीच्या वेळेला कोणाच्या घरी दिवा लागायलाच नको, कोणाला काही कळायला नको आणि पाणीही लवकर तापेल. तिच्यानंतर ज्याचं दुखतं त्याने पाळीने बसायचं. शास्त्रीजींनी म्हणे हे दोनदा पुन्हा सांगायला लावलं. सूर्यास्तापूर्वी जेवा असं ते गावोगाव सांगत फिरतात, पण असं यश त्यांना कुठे आलं नव्हतं.

तर हकीकत ही अशी आहे. राजमतीला योग्य वाटेल तेव्हा ती येईल, आमचा आग्रह नाही. भाभींना माझा जयजिनेंद्र सांगा, दाढ काढून टाका म्हणावं. वाकड्या अक्षराची माफी करून आपला समजत जा.

तुमचा,
गुलाबचंद

ता. क. : आग्रह नाही असं वर लिहिलं ते पत्र तुम्ही घरात मोठ्याने वाचता म्हणून. हे मनात वाचा. तिला शनिवारच्या गाडीत बसवा. तुम्ही स्वतः बसवा.

ता. क. २ : अंगुरीबाई दोनदा रडून गेल्या. तिसऱ्यांदा पापड घेऊन आल्या. त्यांच्याबद्दल राजमतीने मनात काही ठेवू नये.

ता. क. ३ : एक गोष्ट लिहायची राहिली. त्या संध्याकाळी परसातून मंदिरात परतल्यावर मला फार भरून आलं आणि मी सगळ्यांसमोर शास्त्रीजींकडून नियम घेतला, की राजमती घरात पाऊल टाकेपर्यंत अंगावर गरम पाणी घेणार नाही. तेव्हा वाटलं, दोन दिवसांची तर गोष्ट. पण पौष आहे, केशरीचंदजी. पहाटे विहिरीचं पाणी अंगावर घेतलं की मला माझेच दात ऐकू येतात. संध्याकाळी बबनराव कढईत बसून तट्ट्याआडून हाक मारतो, "शेठ, पानी मस्त हाये!" घेतलेला नियम मोडता येत नाही आणि शेजारीही. राजमतीला यातलं काही सांगू नका, ती हसेल. किंवा असं करा, सांगाच. ती हसली म्हणजे येईल.