सुनेत्राचं बोट

बेलवली, बदलापूर (प.)

तीर्थस्वरूप भगवंतदादांस मधूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, गुडघ्यांची तेवढीच परवानगी आहे.) तुमची साखर आटोक्यात असेल आणि वहिनींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. सुनेत्राला जाऊन काल चार महिने झाले. फोनवर तुमचा आवाज ऐकला की तुमची बहीणच बोलतेय असं वाटतं आणि मला पुढे बोलवत नाही, म्हणून हे पत्र.

परवा गंधारने माझा फोन बघितला आणि म्हणाला, ह्यात नुसते किडेच आहेत बाबा. खरंच आहे. आनंदनगरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढल्यामुळे निवृत्तीनंतर मी घरातल्या पोळ्याही तपासायला लागलो होतो, त्यावर सुनेत्राने काढलेला हा उपाय. रोज सकाळी आम्ही दोघं नदीकडच्या झुडपांत. फोटो मी काढायचा आणि आकार कळावा म्हणून किड्याशेजारी तिने बोट धरायचं, अशी वाटणी होती. एकदा आम्ही कुंपणात वाकून बोट दाखवतोय हे बघून किसन नावाचा शेतकरी धावत आला. त्याला वाटलं, बिल्डरची माणसं. "मोजनी करता काय?" त्याने दरडावलं. "हो, पायांची. सहा भरले," सुनेत्रा म्हणाली. (त्याने काकड्या दिल्या.)

माझा फोन मात्र किडा सोडून बोटावरच स्थिरावायचा. तव्याच्या चटक्याचा डाग, नखातली हळद, सगळं लख्ख. नाकतोडा म्हणजे शेजारी सांडलेला चहा. किड्यांच्या ग्रुपवर एका जाणकाराने लिहिलं, किडा ओळखता येत नाही, बोट ओळखलं. सुनेत्रा आठ दिवस हसत होती. मला झोंबलं. मी क्वालिटीतला माणूस (थोडक्यात, मूर्ख). आठवडाभर बसून एकूण एक फोटोतलं बोट कापलं, मूळ फोटो उडवले, आणि आता दर्जा सुधारला असं तिला सांगितलं. "सुधारला हो," ती म्हणाली.

आता माझ्याकडे अकराशे पुसट किडे आहेत. तिचे लग्नकार्यांतले फोटो आहेत, नाही असं नाही, पण त्यांत ती फोटोसाठी बसलेली आहे. माझ्याबरोबर चिखलात उभी राहिलेली सुनेत्रा त्या बोटात होती, आणि ती मी माझ्या हाताने कापली. फार वाईट वाटतं, दादा. उल्हासनगरच्या दुकानदाराने फोन उलटसुलट करून "चाचा, जो गया सो गया" असं सांगितलं. (तो फोनबद्दलच बोलत होता.)

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मधू

ता. क. सुनेत्रा रोज तुम्हाला एक किडा पाठवायची, माझ्या कापाकापीच्या आधीचा. तुम्ही ते न बघताच उडवता हे तिला ठाऊक होतं, तरी पाठवायची. एखादा उडवायचा राहिला असेल तर बघाल का?

ता. क. दुसरा. किडा कापून पाठवलात तरी चालेल.